सपाट स्लॅबवर कौलारू छप्पर घालायचंय? आधी वरच्या खिडकीची सिल मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराच्या मागच्या भिंतीला लागून एक वाढीव खोली बांधलेली आहे. ती भिंतीपासून १२ फूट बाहेर येते आणि १६ फूट रुंद आहे. वर सपाट आरसीसी स्लॅब, तीन बाजूंनी ३ फुटी कठडा. दोनदा वॉटरप्रूफिंग करूनही घराच्या भिंतीलगत गळतं. आता स्लॅब पाडून उतरतं कौलारू छप्पर घालायचं ठरतंय, कौलंही जवळपास पसंत झाली आहेत. खोलीच्या वर, डाव्या अंगाला, वरच्या मजल्याची खिडकी आहे. तिची सिल, म्हणजे चौकटीची खालची कड, स्लॅबपासून ४ फुटांवर आहे आणि उजवी चौकट खोलीच्या डाव्या कोपऱ्यापासून ५ फुटांवर संपते. उतार किती ठेवावा, भिंतींना वजन पेलेल का, आणि स्लॅब पाडावा का, हे विचारलं आहे.

छपराची कामं करून घेण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मला खटकली: कौलं आधी पसंत झाली आणि उतार नंतर विचारला. क्रम उलटा हवा. खिडकीची सिल आणि खोलीची लांबी-रुंदी मिळून उतार ठरवतात, आणि कुठलं कौल चालेल ते उतार ठरवतो. कौलाचा आगाऊ पैसा दिला नसेल तर थोडं थांबा.

पण त्याच्याही आधी गळतीचं निदान करा. गळतं ते भिंतीलगत, म्हणजे गुन्हेगार स्लॅबच आहे असं अजून सिद्ध झालेलं नाही. कोरड्या दिवसांत स्लॅबचे पाणी जायचे पाइप घट्ट बंद करून दीड-दोन इंच पाणी साठवा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. खाली ओल आली, तर दोष स्लॅबचा किंवा स्लॅब-भिंतीच्या सांध्याचा. ओल आली नाही, पण पावसात मात्र गळतं, तर पाणी वरच्या भिंतीतून येतंय: खिडकीच्या सिलखालच्या फटीतून, प्लास्टरच्या तड्यातून. भिंतीत शिरलेलं पाणी विटांमधून उतरत खाली स्लॅबच्या पातळीवर बाहेर पडतं आणि दोष स्लॅबवर जातो. अशा एका घरी नवं छप्पर झाल्यावर पहिल्याच पावसात जुन्याच कोपऱ्यात तोच डाग उमटलेला मी पाहिला आहे. त्या माणसाने बोट लावून ओल दाखवली तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. सिलखाली पाव इंचाची फट होती, बाकी काही नाही. वरची भिंत आणि खिडकी आधी दुरुस्त करा, छप्पर घालायचं असो वा नसो.

आता उताराकडे वळू. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकपाखी छप्पर असतं: घराच्या भिंतीशी उंच, बाहेरच्या बाजूला उतरतं, पडवीसारखं. तुमच्याकडे ते बसतं का ते मोजून पाहू. सिलपर्यंत ४ फूट आहेत. कौलं भिंतीला टेकतात त्याच्या वर पत्र्याची पट्टी किमान ६ इंच भिंतीवर चढायला हवी, म्हणजे उरले साडेतीन फूट. खालच्या टोकाला वॉलप्लेट (वासे ज्यावर बसतात ते भिंतीच्या माथ्यावरचं आडवं लाकूड), वाशाची जाडी, रिपा (कौलं टेकायच्या आडव्या पट्ट्या) आणि कौल मिळून पाऊण फूट जातो, उरले पावणेतीन. १२ फुटांच्या आडव्या अंतरात पावणेतीन फूट चढ म्हणजे साधारण १३ अंश. खाचांत खाच बसणाऱ्या मातीच्या कौलांना निदान २५ अंश हवेत. सिमेंटची काही इंटरलॉकिंग कौलं साडेसतरा अंशांपर्यंत चालतात. खाच नसलेली सपाट चपटी कौलं तर ३५ अंशांच्या खाली घालूच नयेत. १३ अंशांत यातलं एकही बसत नाही. आणि २५ अंशांचं एकपाखी करायचं म्हटलं तर चढच साडेपाच फुटांच्या वर जातो, म्हणजे खिडकी छपरात बुडते.

कमी उतारावर कौल का चालत नाही हेही समजून घ्या, कारण कामाच्या वेळी तुम्हाला कोणीतरी हमखास सांगेल, ‘थोडं कमी चालतं हो.’ कौलांचं छप्पर हवाबंद किंवा पाणीबंद नसतंच. प्रत्येक कौल खालच्या कौलावर फक्त टेकलेलं असतं. पाणी वेगाने खाली जातं म्हणून ते आत येत नाही. उतार कमी झाला की पाणी रेंगाळतं, वारा त्याला सांध्यातून उलटं वर ढकलतो आणि ते रिपेवर पडतं. त्यात भर म्हणजे वाशाचा उतार आणि कौलाचा उतार एक नसतो. कौलाचं खालचं टोक दुसऱ्या कौलाच्या पाठीवर बसतं, त्यामुळे कौल वाशापेक्षा काही अंश सपाटच राहतं. म्हणून २५ अंश लागतात म्हणजे अगदी २५ नकोत, थोडे जास्तच धरा. मी स्वतः एकास दोन, म्हणजे दोन फूट आडव्याला एक फूट चढ, याच्या खाली जात नाही. ते साडेसव्वीस अंशांच्या आसपास येतं.

तुमच्या खोलीला दुपाखी छप्पर बसतं, आणि बरं बसतं. आढं, म्हणजे छपराची सगळ्यात उंच मधली कड, घराच्या भिंतीला काटकोनात घ्या. मग ते भिंतीपासून बाहेर जाईल आणि पाखी, म्हणजे उतरत्या बाजू, डावी-उजवीकडे उतरतील. अर्धी रुंदी ८ फूट, एकास दोनने चढ ४ फूट. आढं सिलच्या वर जाईल, पण आढ्याच्या जागी खिडकी नाही. पाहायचं ते खिडकीच्या उजव्या चौकटीपाशी. कोपऱ्यापासून ५ फुटांवर चढ अडीच फूट, त्यात जाडीचा पाऊण फूट आणि पत्र्याचा अर्धा फूट मिळवला की पावणेचार. सिल ४ फुटांवर. तीन इंच शिल्लक राहतात. हे तीन इंच फार नाहीत, म्हणून भिंतीवर खडूने छपराची खरी रेघ मारून, दोरी ताणून, खिडकीतून डोकावून बघितल्याशिवाय एकही लाकूड कापू देऊ नका. खिडकीची झडप बाहेर उघडत असेल तर ती सिलच्या बाहेर किती खाली येते तेही पाहा.

खिडकी मधोमध असती तर हे जमलं नसतं. मग मी सरळ सांगितलं असतं की एकतर सिल वर उचला, नाहीतर कौलांचा नाद सोडून कमी उताराला चालणारा पत्रा घाला, नाहीतर स्लॅबलाच पाणी न साठेल असा नीट ढाळ देऊन नव्याने वॉटरप्रूफिंग करा. एक चौथा पर्याय काही लोक सुचवतात: आढं घराच्या भिंतीला समांतर, म्हणजे एक पाखं बाहेर उतरतं आणि दुसरं घराच्या भिंतीकडे, आणि ते दुसरं पाखं व भिंत यांच्यामध्ये पन्हळ, म्हणजे पाणी वाहून नेणारी नाळ. खिडकी वाचते हे खरं, पण अर्ध्या छपराचं पाणी तुम्ही आपणहून घराच्या भिंतीशी आणून सोडता. पाला अडकला, पन्हळ तुंबली की पाणी थेट खोलीत. हा पर्याय कितीही गोड शब्दांत सांगितला तरी घेऊ नका.

आता स्लॅबचं. पाडू नका. तुमची स्लॅब घराच्या तुळईशी एकसंध ओतलेली असेल तर तिच्या सळया घराच्या सांगाड्यात गेलेल्या असतात, त्या कापणं हे इंजिनिअरने प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय करायचं काम नाही. शिवाय स्लॅब तुमचं एक मोठं काम फुकटात करतेय. दुपाखी छपरात वासे आढ्यापाशी एकमेकांना रेटतात आणि त्यांचे खालचे पाय बाहेर फाकू पाहतात. तो रेटा अडवायला दोन्ही भिंतींना जोडणारं आडवं लाकूड, म्हणजे ताण, लागतो. स्लॅब ठेवली आणि वॉलप्लेट तिच्या कडेला, बरोबर भिंतीच्या वर, बोल्टने जखडली, की स्लॅबच तो ताण होते. मी एका खोलीत पाहिलंय, आतून छत उंच दिसावं म्हणून आडवी लाकडं काढून टाकली होती. बाहेरून ओळंबा सोडला तर दोरी वर भिंतीला चिकटलेली आणि खाली गोळा भिंतीपासून जवळजवळ इंचभर लांब. भिंत वरून बाहेर झुकली होती आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा गेला होता. उंच छत हवंच असेल तर आढ्याला खरीखुरी भारवाहू तुळई लागते, आणि तिचा भार घेणाऱ्या भिंतीही तेवढ्या सक्षम हव्यात. तुमच्या ठिकाणी त्या खटाटोपाचं कारण मला दिसत नाही.

स्लॅबऐवजी जुनं लाकडी सपाट छत असतं तर मात्र ते काढून, भिंतींचे माथे उघडे करून, नवं काम सुरू केलं असतं. तिथे वजनाचा हिशेबही वेगळा होतो, कारण हलकं छत जाऊन जड येतं.

वजनाबद्दल तुम्ही काळजी केलीत ते योग्यच आहे, पण तुमच्या बाबतीत गणित तुमच्या बाजूने आहे. खाचेची मातीची कौलं, रिपा आणि वासे मिळून उतरत्या पृष्ठाच्या दर चौरस मीटरला ७० किलोच्या आसपास धरा. वळचणीसकट, म्हणजे भिंतीबाहेर येणारी छपराची कड धरून, एका पाख्याची लांबी सव्वातीन मीटर होते, म्हणजे भिंतीच्या दर धावत्या फुटाला ७० किलोंच्या आसपास भार. आता तुमचा कठडा. तो ९ इंची विटेचा, ३ फूट उंच असेल, तर त्याच्या दर धावत्या फुटाचं वजन ११५ ते १२० किलो भरतं. कठडा पाडायचाच आहे, कारण तो राहिला तर वळचण भिंतीबाहेर जाणार कशी? म्हणजे भिंतीवर येणाऱ्या वजनापेक्षा जाणारं वजन जास्त. कठडा साडेचार इंची असेल तर जमा-खर्च साधारण सारखा. पुढच्या बाजूची त्रिकोणी भिंतसुद्धा १६ फूट रुंद आणि ४ फूट उंच, म्हणजे ३२ चौरस फूट. तिथला कठडा ४८ चौरस फुटांचा होता. तरीही पायाजवळ एक हात खणून पाया किती खोल आणि कशावर बसलाय ते पाहून घ्या, आणि भिंतींना आत्ता तडे असतील तर आधी इंजिनिअरला दाखवा. एक नियम सुताराला बजावून सांगा: वाशाला किंवा आढ्याला आधार म्हणून स्लॅबच्या मधोमध खांब उभा करायचा नाही. ती स्लॅब तशा एकाच ठिकाणी येणाऱ्या भारासाठी ओतलेली नाही.

वजन कमी झालं की वाऱ्याचा प्रश्न येतो. वारा छपराला दाबतो त्यापेक्षा उचलतो जास्त, आणि सगळ्यात जास्त कडांना: वळचणीला, त्रिकोणी बाजूच्या कडेला, आढ्याला. म्हणून वॉलप्लेट स्लॅबला बोल्टने, प्रत्येक वासा वॉलप्लेटला लोखंडी पट्टीने, आणि कडेच्या ओळींतलं प्रत्येक कौल स्क्रूने किंवा तारेने बांधलेलं हवं. मधली कौलं नुसती टेकवून चालतात का, ते तुमच्या जागेवर वारा किती लागतो त्यावर ठरवा. उघड्यावर घर असेल तर सगळी बांधा. आढ्यावरचे कोने, म्हणजे आढं झाकणारी कौलं, नुसत्या सिमेंटच्या मालावर बसवू नका. लाकूड हलतं, माल हलत नाही, काही वर्षांत कोने सुटतात.

वासे लाकडाचे की लोखंडी चौकोनी पाइपचे, यावर मला फारसं बोलायचं नाही. दोन्ही चालतात. लाकूड वाळलेलं आणि वाळवीचं औषध मारलेलं हवं. गॅल्वनाइज्ड पाइप वेल्ड केला की त्या जागचा जस्ताचा थर जळतो, तिथे लगेच झिंक प्रायमर मारला नाही तर गंज तिथूनच सुरू होतो.

खरं जपायचं ठिकाण म्हणजे नवं छप्पर जुन्या भिंतीला भिडतं तो सांधा. तुमच्या बाबतीत पाखं कडेने भिंतीला भिडणार आहे, म्हणजे भिंतीवरून वाहत येणारं पाणी उतारावर तिरपं खाली जाईल. इथे दोन वेगळे पत्रे हवेत. पहिला पत्रा छपराचा: तो कौलांखालून येतो, भिंतीशी काटकोनात वर वळतो आणि भिंतीला मुळीच ठोकलेला नसतो. दुसरा भिंतीचा: विटांच्या सांध्यात इंचभर खोल खाच कापून त्यात खोवलेला, बाहेर वाकवून पहिल्याच्या वर पदरासारखा सोडलेला. उताराबरोबर तो पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. दोन पत्रे का, तर वाढीव खोली आणि मूळ घर एकाच वेळी एकसारखं खचत नाही, लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आक्रसतं. दोन पत्रे एकमेकांवर सरकतात आणि सांधा शाबूत राहतो. त्याऐवजी कोपऱ्यात सिमेंटची गोलटी (गोलसर भर) मारली किंवा प्लास्टरवर पत्रा ठोकून कडेला सिलिकॉन भरलं, तर ते पहिल्या वर्षी छान दिसतं आणि नंतर केसाएवढी भेग पडते. पत्र्याची खाच प्लास्टरमध्ये नाही, विटेपर्यंत गेली पाहिजे. ही एक गोष्ट स्वतः शिडीवर चढून बघा, खाचेत नख घालून बघा.

या सांध्याचं खालचं टोक तर सगळ्यात नाजूक. तिथे पाखं संपतं, पन्हळ सुरू होते आणि घराची भिंत तशीच पुढे जाते. भिंतीला धरून आलेलं पाणी पन्हळीत न पडता तिच्या मागून भिंतीवर उतरतं. बाहेरून त्या कोपऱ्यात हिरवट काळा पट्टा दिसतो, आतून रंगाचे पापुद्रे सुटतात. उपाय छोटा आहे: शेवटच्या पत्र्याला बाहेरच्या बाजूला वाकवलेला एक कान ठेवायचा, म्हणजे पाणी भिंतीपासून दूर, पन्हळीत फेकलं जातं. हा कान तळहाताएवढाही नसतो, आणि बहुतेक कामांत तो नसतोच.

घराची भिंत पोकळीची, दोन पदरी असेल, तर आणखी एक काम वाढतं. बाहेरच्या पदरातून पोकळीत शिरलेलं पाणी आता छपराच्या आतल्या बाजूला उतरेल. ते अडवून बाहेर काढणारी आडवी पट्टी पत्र्याच्या वर भिंतीत घालावी लागते. एकसंध विटेची भिंत असेल तर निदान तिचं बाहेरचं प्लास्टर नीट करून घ्या.

कौलांची निवड इतक्या उशिरा आली, पण तिची जागा हीच आहे. ढिगातलं कौल उचलून बोटाच्या पेराने वाजवा. पक्कं भाजलेलं खणखणीत वाजतं, कच्चं किंवा तडकलेलं भद्द आवाज करतं. मग चार-पाच कौलं सपाट फरशीवर ठेवा. चारही कोपरे टेकत नसतील, कौल डुगडुगत असेल, तर खाचा नीट बसणार नाहीत. रिपांचं अंतर कंपनीच्या कागदावरून घेऊ नका. बारा कौलं जमिनीवर खाचेत खाच घालून लावा, एकदा ताणून मोजा, एकदा दाबून मोजा, आणि दोहोंची सरासरी घेऊन एका कौलाचं अंतर काढा. मातीचं कौल भट्टीत आक्रसतं, प्रत्येक खेपेचं माप थोडं वेगळं येतं. त्या अंतराने वाशावर पूर्ण ओळी बसतील अशी वळचण दोन-चार इंच कमीजास्त करा, म्हणजे कौल कापावं लागत नाही. सगळ्यात खालची रीप इतरांपेक्षा कौलाच्या जाडीएवढी उंच ठेवा. पहिल्या ओळीखाली कौल नसतं, म्हणून ती ओळ खाली झुकते आणि दुसऱ्या ओळीशी फट पडते. शंभराला पाच कौलं जास्त घेऊन ठेवा, पुढे तोच साचा मिळेलच असं नाही.

कौलांखाली वाफ बाहेर सोडणारा पडदा घाला. त्याचं खालचं टोक पन्हळीत सोडा, वळचणीच्या आत संपवू नका. स्लॅब आणि कौलांमधली पोकळी बंद करू नका: वळचणीला जाळी लावून हवा आत यायला आणि आढ्यापाशी बाहेर जायला वाट ठेवा, नाहीतर लाकूड ओलं राहून कुजतं. उष्णतारोधक थर घालायचा तर तो स्लॅबवर पसरा, आणि वळचणीपाशी हवेला दोन इंच वाट मोकळी सोडा. आणि स्लॅबवरचा जुना ढाळ व पाणी जायचा एक पाइप तसाच उघडा ठेवा, तोंडाला जाळी लावून. पुढे कधी एखादं कौल फुटलं, तर पाणी खोलीत यायच्या आधी त्या पाइपातून ठिबकायला लागेल आणि तुम्हाला खबर मिळेल.

पाणी आता दोन बाजूंना जाणार आहे, त्याचाही हिशेब करा. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. वळचणीसकट तुमच्या एका पाख्याखाली साधारण साडेदहा ते अकरा चौरस मीटर जागा येते. तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस झाला तर एका बाजूला पाचशे लिटरांहून जास्त पाणी तासाभरात उतरतं. पन्हळीला दहा फुटांना अर्धा इंच ढाळ, आणि खाली पाइप पायाजवळ मोकळा न सोडता दूर नेलेला. वळचण आणि पन्हळ दोन्ही तुमच्याच हद्दीत राहिली पाहिजेत. शेजाऱ्याची भिंत जवळ असेल तर त्या बाजूची वळचण आखूड करावी लागेल. छपराची उंची आणि आकार बदलतोय, म्हणून स्थानिक परवानगीही आधी विचारून घ्या, कठड्याची पहिली वीट काढण्यापूर्वी.

खिडकीच्या उजव्या चौकटीपाशी मोजलेलं माप आणि भिंत विटेची एकसंध आहे की पोकळीची, एवढं कळवलंत तर पत्र्याची रुंदी आणि पायऱ्यांचं माप काढून देता येईल.